स्पेनची सहल, चौदा वर्षांचं मूल आणि पैसे बुडण्याच्या जागा

स्पेनला जाणाऱ्यांना सगळे एकच गोष्ट बजावतात : बार्सिलोनात खिसे सांभाळा. ते खरंच आहे. पण चौघांच्या कुटुंबाचे मोठे पैसे बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच गेलेले असतात. घरी, रात्री जेवणं झाल्यावर, "फक्त दोन तिकिटं शिल्लक" असं लाल अक्षरांत झळकणाऱ्या पानावर. आणि घरात बारा ते सतरा वयाचं मूल असेल तर फसवणाऱ्याचं काम आणखी सोपं होतं. एक तर या वयाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत आणि पालकांना ते माहीत नसतात. दुसरं म्हणजे मुलाचा हट्ट. मॅच, स्टेडियम, सायकल, डोंगरातली वाट, हे सगळं त्याला हवं असतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींची तिकिटं लवकर संपतात.

ग्रनाडाचा अल्हांब्रा, म्हणजे मुस्लीम राजांचा जुना किल्ला आणि महाल, घ्या. इथे रोजची तिकिटं मर्यादित असतात आणि नासरिद राजवाड्यांत शिरायची अर्ध्या तासाची वेळ तिकिटावरच छापलेली असते. ती वेळ हुकली की राजवाडे हुकले. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, हेही अनेकांना आत गेल्यावर कळतं. तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, आणि तपासणी एकापेक्षा जास्त ठिकाणी होते.

फसवणूक दोन प्रकारे होते. पहिला प्रकार असा. गूगलवर अल्हांब्रा शोधलं की अधिकृत संकेतस्थळाच्या वर "प्रायोजित" पानं दिसतात. तीच रंगसंगती, तेच फोटो, वर "रांगेशिवाय प्रवेश". अधिकृत दराच्या दुप्पट-तिप्पट रक्कम भरली जाते आणि "तिकीट तारखेच्या जवळ पाठवू" असा मेल येतो. पुढे जे तिकीट येतं ते खरं असतं, पण फक्त बागा, खेनेरालिफे हा उन्हाळी महाल आणि अल्काझाबा किल्ल्याचं. ज्या राजवाड्यांसाठी जग ग्रनाडाला जातं, ते त्यात नसतात. हे तिकीट अधिकृत ठिकाणीही वेगळं आणि स्वस्तात मिळतं, म्हणून दारावरचा कर्मचारी काहीच करू शकत नाही. बँकेत तक्रार केली तर विक्रेता दाखवतो की बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. दुसरा प्रकार सरळ चोरीचा : दुसऱ्याच कोणाच्या नावाचं पीडीएफ, तेच दहा जणांना विकलेलं.

दोन्ही ओळखायला सोपी कसोटी आहे. पैसे भरताना विक्रेत्याने प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक मागितला नाही, तर तिथेच थांबा. आणि तिकिटाच्या वर्णनात "पालासिओस नासरीएस" (नासरिद राजवाडे) हे शब्द आणि त्यांच्यासमोर वेळ दिसलीच पाहिजे. अधिकृत विक्री अल्हांब्राचं पात्रोनातो, म्हणजे विश्वस्त मंडळ, स्वतः करतं. संकेतस्थळाच्या पत्त्यात हाच शब्द असतो आणि शेवटी डॉट ईएस. मधले सगळेच विक्रेते लबाड नाहीत. मार्गदर्शकासह सहली घेणाऱ्या परवानाधारक संस्था खरी तिकिटं देतात, फक्त महाग. अधिकृत तिकिटं संपलीच असतील तर ग्रनाडा कार्ड हा पर्यटक-पास पाहा. त्यात अल्हांब्राचा प्रवेश धरलेला असतो आणि कार्ड घेतानाच राजवाड्यांची वेळ ठरवता येते.

आता वयाचा घोळ. अल्हांब्रात बारा वर्षांखालच्यांना पैसे नाहीत, पण त्यांच्या नावाचं तिकीट काढावंच लागतं. बारा ते पंधरासाठी सवलतीचा वेगळा दर आहे. माद्रिदच्या प्रादो आणि रेइना सोफिया संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना प्रवेश मोफत आहे. रेन्फे या स्पॅनिश रेल्वेच्या एव्हीई या वेगवान गाड्यांत मुलांचं तिकीट चौदाव्या वाढदिवसाला संपतं. बार्सिलोनाचा पर्यटक-कर सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही. हे आधी लिहून ठेवलं नाही तर दोन्हीकडून तोटा होतो. काही पॅकेजांत पंधरा वर्षांच्या मुलीचं प्रादोचं "प्रौढ तिकीट" लावलेलं असतं, म्हणजे फुकटच्या गोष्टीचे पैसे. उलट काही एजंट कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून तेरा वर्षांच्या मुलाचं वय हॉटेलात अकरा लिहून टाकतात. काउंटरवर पासपोर्ट दाखवला की जादा पलंगाचे पैसे तिथल्या दराने, युरोत, भरावे लागतात. एजंट तेव्हा फोन उचलत नाही. बुकिंगच्या कागदावर मुलाची जन्मतारीख बरोबर आहे का, हे पैसे देण्याआधी स्वतः वाचा.

फुटबॉलच्या तिकिटांत सगळ्यात मोठी रक्कम बुडते, म्हणून हे जरा सविस्तर. ला लीगा या स्पेनच्या मुख्य फुटबॉल लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यात मॅचचा आठवडाच कळतो. नेमका दिवस आणि वेळ काही आठवडे आधी ठरते. शुक्रवार ते सोमवार यांतला कुठलाही दिवस असू शकतो. त्यामुळे चार महिने आधी "रविवार, रात्री नऊ, पक्कं" असं सांगणारा माणूस माहीत नसलेली गोष्ट विकतो आहे. शनिवारची गाडी धरून पुढच्या शहरात निघालेलं कुटुंब रविवारची मॅच बघू शकत नाही, आणि अशा वेळी तिकीट खरं असलं तरी पैसे बुडतात. रेआल माद्रिदची तिकिटं आधी सभासदांना आणि मग सर्वसामान्यांना, मॅचच्या थोडे दिवस आधी खुली होतात. बार्सिलोना क्लबचे मॅचला न येणारे सीझन-तिकीटधारक आपली जागा क्लबमार्फत सोडतात आणि ती क्लबच्या संकेतस्थळावर विकली जाते. दोन्हीकडे तिकीट मोबाइलवर येतं. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. तोच कोड पाच जणांना पाठवलेला असू शकतो. फाटकावर जो पहिला पोहोचला तो आत, बाकीचे बाहेर.

मुलं हे इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामवर शोधतात आणि आईवडिलांचं कार्ड वापरतात. आपल्याकडे ओटीपीची सवय आहे, म्हणून "ओटीपी आला नाही, म्हणजे पैसे गेले नसणार" असं वाटतं. परदेशी विक्रेत्यांकडे बऱ्याचदा ओटीपी मागितलाच जात नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर एरवी बंद ठेवा. बुकिंगच्या वेळी चालू करा, मर्यादा त्या रकमेपुरतीच ठेवा आणि काम झालं की पुन्हा बंद. मुलाला फुटबॉल दाखवायचाच असेल तर माद्रिदजवळच्या गेताफे किंवा बार्सिलोनाजवळच्या एस्पान्योल या लहान क्लबांच्या घरच्या मॅचचं तिकीट क्लबकडून थेट मिळणं बरंच सोपं असतं. बर्नाबेउची, म्हणजे रेआल माद्रिदच्या स्टेडियमची, टूर घेताना त्या दिवशी तिथे मॅच नाही ना, एवढं क्लबच्या संकेतस्थळावर पाहा. मॅचच्या दिवशी टूरच्या वेळा आणि आतले भाग कमी होतात, आणि बाहेरचे विक्रेते ते सांगत नाहीत.

मालागाजवळची कामिनितो देल रेइ ही दरीच्या कड्याला लटकलेली वाट या वयाच्या मुलांना फार आवडते. एकूण चाल सुमारे ७.७ किलोमीटर, वय किमान आठ, हेल्मेट सक्तीचं. साधं अधिकृत तिकीट दहा युरोंचं आणि मार्गदर्शकासह अठरा, हे अलीकडच्या हंगामांतले दर. "कामिनितो सहल" म्हणून मालागात विकलं जाणारं पॅकेज घेताना त्यात प्रवेश-तिकीट आहे की नुसती बस, हे लेखी विचारा. वाट एकाच दिशेने चालायची असते. प्रवेश उत्तरेला, आर्दालेसच्या बाजूने. बाहेर पडणं एल चोरोला. रेल्वेने एल चोरोला उतरणारा माणूस बाहेर पडायच्या टोकाला पोहोचतो. तिथून शटल बसने उत्तरेला जायला हवं, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा. मुलाचं वय दाखवणारा पासपोर्ट बरोबर असू द्या.

राहण्याच्या बाबतीत हल्लीची चाल अशी. बुकिंग खऱ्या ॲपवर झालेलं असतं, हॉटेलही खरं असतं, पण हॉटेलचं खातं कोणीतरी हॅक केलेलं असतं. मग त्याच ॲपच्या चॅटमध्ये संदेश येतो : "कार्डाची पडताळणी चोवीस तासांत करा, नाहीतर बुकिंग रद्द." खाली लिंक. चॅट खरं असल्याने शंका येत नाही. लिंक दाबू नका. हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या आणि फोन करा. फ्लॅट घेताना परवाना क्रमांक मागा. बार्सिलोनात तो एचयूटीबी अक्षरांनी सुरू होतो, ग्रनाडा-मालागाच्या अंदालुसिया प्रदेशात बऱ्याचदा व्हीएफटीने, आणि ग्रनाडासाठी त्यापुढे जीआर येतं. ॲपबाहेर बँक ट्रान्सफर मागणाऱ्याशी पुढे बोलूच नये.

पासपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर मागितले जातात, तेही देऊ नका. स्पेनमध्ये पाहुण्यांची माहिती नोंदवणं सक्तीचं आहे आणि चौदा वर्षांवरच्या मुलालाही नोंदणीच्या कागदावर सही करावी लागते. पण पासपोर्टची प्रत मागायचा हॉटेलांना अधिकार नाही, असं तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. काउंटरवर पासपोर्ट दाखवला की पुरे.

व्हिसाच्या बाबतीत मुलाच्या वयाचा मुद्दा पुन्हा येतो. शेंगेन व्हिसाचं (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचं) शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे. सवलतीचं ४५ युरो शुल्क फक्त सहा ते अकरा वयासाठी. तेरा-चौदाच्या मुलाचं शुल्क पूर्णच. बारा वर्षांपासून पुढे बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून आधीच्या शेंगेन व्हिसाचे ठसे ५९ महिन्यांच्या आतले नसतील तर मुलाला व्हिसा-केंद्रावर न्यावंच लागतं. "मुलाला आणायची गरज नाही, आम्ही बघून घेतो" म्हणणारा एजंट खोटं बोलतो आहे. "हमखास व्हिसा" तर कोणीच देऊ शकत नाही. खोटी हॉटेल-बुकिंगं जोडलेली फाइल नाकारली गेली तर शुल्क परत मिळत नाही, आणि नकाराची नोंद तुमच्या नावावर राहते.

पॅकेज घेत असाल तर पैसे कंपनीच्या चालू खात्यात द्या, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) म्हणून घेतलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवी आणि आयकर पोर्टलवर दिसायला हवी. ती दिसलीच नाही तर एजंटाने करही खाल्ला आणि बाकीच्या पैशांबद्दलही चौकशी करायची वेळ आली.

रस्त्यावरचं थोडक्यात. ग्रनाडा आणि सेव्हिलच्या कॅथेड्रलजवळ बायका रोझमेरीची काडी हातात कोंबतात, हात बघतात आणि मग पैशांसाठी अडून बसतात. हात खिशातून बाहेरच काढू नका. माद्रिद विमानतळ ते एम-३० रिंगरोडच्या आतला भाग हे टॅक्सीभाडं ठरावीक आहे (२०२५ मध्ये ३३ युरो), सामानाचे वेगळे पैसे नाहीत. बार्सिलोनात मेट्रो-बसचं टी-कासुआल कार्ड एकाच माणसाचं असतं. चौघांना मिळून वापरायचं तर टी-फामिलियार. ई-स्कूटरवर मुलाला बसवू नका : बार्सिलोनात किमान वय सोळा आणि हेल्मेट सक्तीचं आहे, पण दुकानदार वय विचारत नाही आणि दंड तुमच्या माथी येतो. माद्रिदमध्ये तर रस्त्यावरच्या भाड्याच्या स्कूटर २०२४ मध्येच हटवल्या. सायकल घेताना अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका आणि जुने ओरखडे व्हिडिओत टिपून घ्या. रेस्टॉरंटमध्ये नळाचं पाणी फुकट द्यायचा कायदा २०२२ पासून आहे. "आग्वा देल ग्रिफो" म्हणून मागा.

फसवलं गेलंच तर पहिला फोन बँकेला. कळवल्यानंतर होणारं नुकसान तुमच्यावर येत नाही, म्हणून तास महत्त्वाचे. त्यानंतर भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. स्पेनमध्ये पोलिसांकडे देनुन्सिया, म्हणजे लेखी तक्रार नोंदवून शिक्क्याची प्रत घ्या; विमा कंपनी आणि पासपोर्टसाठी वकिलात, दोघांनाही तीच लागते. माद्रिदमध्ये परदेशी पर्यटकांसाठी काये लेगानितोस १९ इथे एसएटीई हे खास केंद्र आहे. दुकान किंवा हॉटेलाविरुद्ध तक्रार असेल तर तिथेच "ओखा दे रेक्लामासिओनेस" हा तक्रार-फॉर्म मागा. तो देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि अनेकदा फॉर्म मागितल्याबरोबर बिल दुरुस्त होऊन येतं.