जुन्या पेट्रोल गाडीत कोणतं इंजिन ऑइल, २०डब्ल्यू-५० की १०डब्ल्यू-४०? वर्षभर दोन्ही वापरून बनलेलं मत

गाडी २००८ ची, १.१ लिटर पेट्रोल, मीटर पावणेदोन लाखांच्या पुढे. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पुनर्नोंदणीचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली. म्हणजे २०२८ पर्यंत हीच गाडी चालवायची आणि तोवर इंजिन उघडायचं नाही, असं घरात ठरलंय. खालचं सगळं मत या हिशेबातून आलेलं आहे. वर्षा-दोन वर्षांत गाडी काढायची असेल त्यांना इतका खटाटोप करायची गरज नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर हायवेवरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग केलं. त्यांनी ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक भरलं आणि न विचारता बिलात इंजिन फ्लशही (इंजिन आतून धुवायचं औषध) लावलं. पुण्याच्या काही फेऱ्या झाल्या, दोनेक हजार किलोमीटर पडले असतील, डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेला टेकलेलं. छोट्या गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण पाऊण ते एक लिटरचं अंतर असतं. एवढं ऑइल दोन हजारात गेलं कुठे? परत गेलो तर काउंटरवरचा मुलगा बॉनेट न उघडताच म्हणाला, "सर, जुनी गाडी आहे, ऑइल खाणारच. हाफ इंजिन करून घ्या." आणि पाच आकडी एस्टिमेट पुढे सरकवलं. (हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलणं.)

माझा राग एस्टिमेटवर नाही. ऑइल कुठून जातंय हे कुणी पाहिलंच नाही, यावर आहे. ऑइल दोनच वाटांनी कमी होतं: बाहेर गळतं किंवा आत जळतं. गळत असेल तर इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट, क्रँकचं सील, यातलं काहीतरी ओलं दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. जळत असेल तर धूर कधी येतो त्यावरून कारण कळतं. यातलं काहीही न करता इंजिन उघडा म्हणणं ही कामाची पद्धत नाही. आणि फ्लशबद्दल तर मी ठाम आहे. इतकी वर्षं साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात आत गाळ धरलेला असतो. तो एकदम सुटला तर चेंबरमधल्या जाळीत जाऊन बसतो आणि पंपाला ऑइल कमी पडतं. गाळ काढायचाच असेल तर चांगलं ऑइल घालून दोन-तीन बदल्या लवकर कराव्यात, तो आपसूक सुटत जातो.

तिथून निघालो तो साताऱ्याच्या गोडोलीतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे. ते म्हणाले, "साहेब, पातळ ऑइल हाय ते. वीस-पन्नास घाला आन इसरून जावा." घातलं. मिनरल २०डब्ल्यू-५०, सीलबंद डबा, फिल्टर नवा.

पहिले काही महिने मी अगदी खूश होतो. लिटरभर ऑइल जायला आता साडेतीन हजार किलोमीटर लागत होते. एप्रिल-मेच्या उन्हात चार माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना इंजिनाचा आवाज घट्ट वाटायचा, गरम झाल्यावर टॅपेटची टकटक जवळपास बंद. तेव्हा कुणी विचारलं असतं तर दीड लाखाच्या पुढच्या गाडीला डोळे मिटून २०डब्ल्यू-५० घाला, असंच मी सांगितलं असतं.

डिसेंबर लागला आणि मत बदललं. सकाळी सहाच्या सुमाराला गाडी काढायची, साताऱ्यात तेव्हा पारा बारा-तेरावर असतो. स्टार्टर मारला की वरून कोरडी टकटक सुरू व्हायची आणि चांगले दहा-बारा सेकंद चालायची. आधीच्या ऑइलवर ती दोन-तीन सेकंदांत जायची. माझं रोजचं रनिंग शाहूपुरी ते पोवई नाका आणि परत, एवढंच. तेवढ्यात पाणी गरम होतं, पण ऑइल पुरतं गरम होत नाही. म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस माझं इंजिन थंड, घट्ट ऑइलवरच चालत होतं.

इथे आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण 'जुनी गाडी म्हणजे जाड ऑइल' या सल्ल्यात फक्त दुसऱ्या आकड्याचा विचार असतो. दुसरा आकडा ऑइल १०० अंशांना किती घट्ट राहतं ते सांगतो. पन्नास म्हणजे १६.३ सेंटिस्टोक्सच्या (घट्टपणा मोजायचं एकक) वर, चाळीस म्हणजे १२.५ च्या वर, तीस म्हणजे ९.३ च्या वर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला. यावर लोक म्हणतात, साताऱ्यात कुठं बर्फ पडतो? बरोबर आहे, २०डब्ल्यूवर इथे गाडी सुरू व्हायला काहीच अडचण नाही. प्रश्न सुरू होण्याचा नाहीच, ऑइल वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) किती लवकर पोचतं याचा आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांचाही आकडा दिलेला असतो. साध्या २०डब्ल्यू-५० चा तो दीडशेच्या वर, १०डब्ल्यू-४० चा शंभरच्या आसपास. ४० अंशांनाच एवढा फरक, तर बारा अंशांना तो किती वाढत असेल? झीज सगळ्यात जास्त होते ती सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत.

आता या सगळ्या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. ऑइलपेक्षाही मोठी.

जानेवारीत कासहून परत येत होतो. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरलो. खाली सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात निळसर धुराचा लोट दिसला. एकदाच, मग साफ. चढताना अजिबात धूर नव्हता. घाट उतरताना थ्रॉटल बंद असतो, इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) जोरदार ओढ तयार होते आणि म्हातारे झालेले व्हॉल्व्ह सील त्या ओढीने वरचं ऑइल आत सोडतात. दाबल्यावर ते जळतं. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर, जोर लावताना आला असता. म्हणजे हाफ इंजिनाची गरजच नव्हती.

मिस्त्रींना हे सांगितलं तर त्यांनी टॅपेट कव्हरवरून इनटेककडे जाणारा ब्रीदरचा पाइप काढला आणि त्याच्या तोंडाचा पीसीव्ही व्हॉल्व्ह माझ्या हातात दिला. बोटाएवढा तुकडा. चांगला व्हॉल्व्ह कानाशी धरून हलवला की आतली गोटी खुळखुळते. आमचा गप्प होता, आतून काळ्या चिकट राळेने भरलेला. हा व्हॉल्व्ह इंजिनातली कोंडलेली वाफ आणि गॅस मापात ओढून परत जाळायला पाठवतो. तो बंद पडला की आत दाब साचतो, तो दाब ऑइलला प्रत्येक सीलमधून आणि पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. उघडा अडकला तर उलट ऑइलच इनटेकमध्ये ओढलं जातं. नवीन व्हॉल्व्ह लिटरभर ऑइलपेक्षा स्वस्तात मिळाला. बसवायला पाना लागला आणि दहा मिनिटं.

ऑइल तेच २०डब्ल्यू-५० ठेवलं होतं, म्हणून फरक कशाचा ते स्पष्ट कळलं. पुढच्या दीड-दोन हजारात डिपस्टिकवरची रेघ जेमतेम हलली. टॅपेट कव्हरच्या कडेला कायम असणारा ओलसर थर पुसला तो पुन्हा आला नाही. हजारो रुपयांचं एस्टिमेट देणाऱ्या वर्कशॉपने हा तुकडा काढून हलवूनसुद्धा पाहिला नव्हता, याचा मला आजही संताप येतो. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने ऑइलचा डबा विकत घेण्याआधी हा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून बघावा. माझं एवढं एकच ऐका, बाकी ग्रेड काहीही घाला.

मार्चच्या बदलीला १०डब्ल्यू-४० सेमी सिंथेटिक भरलं. सकाळची टकटक पुन्हा दोन-तीन सेकंदांवर आली. खप वाढेल अशी भीती होती, वाढला नाही. चार हजारात अर्धा लिटर टॉप अप, बस. टाकी ते टाकी मोजलेलं ॲव्हरेज साडेचौदावरून पंधराच्या आसपास गेलं. अर्धा किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाच हजार किलोमीटरला साडेअकरा लिटर पेट्रोल वाचतं, आणि पेट्रोल शंभराच्या वर आहे. सेमी सिंथेटिकचे डब्यामागे जे चार-पाचशे जास्त गेले ते तेवढ्यातच फिटून वर उरतात. घाट उतरल्यावरचा धूर पूर्ण गेलेला नाही, सील जुनेच आहेत, पण आता तो मुद्दाम बघितला तरच दिसतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलल्यावर ५डब्ल्यू-३० सुद्धा कदाचित नीट चाललं असतं. ते ऑइल वाईट नव्हतंच. पण ते तपासायला मी पुन्हा फुल सिंथेटिकचे पैसे घालणार नाही.

डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. एपीआय म्हणजे ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट. तिचा दर्जा एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. नवा दर्जा जुन्या पेट्रोल इंजिनाला चालतो, तेव्हा एसएन किंवा एसपी बिनधास्त घ्या. काही स्वस्त डब्यांवर अजून एसएफ लिहिलेलं असतं, आणि दुकानदार 'जुन्या गाडीला हेच लागतं' म्हणून देतो. १९८८ नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना एसएफ योग्य नाही, हे खुद्द एपीआयचंच म्हणणं आहे. आपल्याकडे जुनी म्हणवणारी गाडीसुद्धा त्यापेक्षा कितीतरी नवी असते. रबरी सील मऊ ठेवणारी खास 'हाय मायलेज' ऑइलं परदेशात सर्रास मिळतात; साताऱ्याच्या दुकानांत मला तरी दिसली नाहीत, त्यांच्यावर मत देणार नाही. पिंपातलं सुटं ऑइल मात्र कुठेही घेऊ नका, आणि रिकामा डबा गॅरेजात सोडू नका, तळाला कापून टाका. तोच डबा पुन्हा भरून विकला जातो.

लेव्हल सपाट जागेवरच बघा. आमच्या गल्लीला उतार आहे, तिथे डिपस्टिक काढली की खूण दर वेळी वेगळी. मी पेट्रोल पंपावर हवा भरतो तिथे बघतो: इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, काडी पुसून पुन्हा बुडवायची. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वाट बघू नका, तो ऑइलच्या दाबाचा आहे, लेव्हलचा नव्हे. तो लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची, पुढच्या गॅरेजापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

ज्यांची गाडी चढावर जोर लावताना निळा धूर मारते त्यांना यातलं काही लागू नाही. त्यांनी आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावं. ज्या सिलिंडरचं कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वर गेला तर रिंगा झिजल्यात. मग काम होईपर्यंत २०डब्ल्यू-५० मिनरल घालावं आणि महागाचं ऑइल जाळू नये.