कस्टम स्टील रोड बाइक: आधी पार्ट ठरवा, फ्रेम नंतर

मापाने बनवलेली स्टीलची बाइक घेऊन नाशिकच्या गंगापूर रोडला चहाला थांबलं की पहिला प्रश्न वजन किती आणि दुसरा किती पडले. वजन साडेनऊ किलोच्या आसपास आहे, आणि किती पडले ते अजून घरी पण नीट सांगितलेलं नाही. पण पार्ट कसे ठरवले हे कोणीच विचारत नाही, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. कस्टम फ्रेममध्ये पार्ट नंतर बघू असं चालत नाही. टायर किती रुंद, ब्रेक कुठले, केबल बाहेरून की आतून, मडगार्ड लागणार का, हे सगळं ट्यूब कापायच्या आधी फ्रेम बनवणाऱ्या बिल्डरला सांगावं लागतं, एकदा जोड बसला की मग तुम्ही आणि तुमचं नशीब.

ब्रेकवरच सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. मला मनापासून आवडतो तो जुना बारीक, पुढे वाकलेला स्टीलचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) आणि वर छोटा रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारा. पण डिस्क ब्रेकचा कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) फोर्कच्या डाव्या पायावर अगदी खाली बसतो, सगळा जोर तिथे येतो, म्हणून बिल्डरला पाय जाड घ्यावे लागतात आणि ती नाजूक कमान जाते ती जातेच. वजन पण वाढतं. तरी डिस्कच घेतले, कारण आपल्याकडे जुलैमध्ये त्र्यंबक आणि इगतपुरीकडे जायचं नसेल तर सायकल घ्यायचीच कशाला? ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी पाणी पुसलं जातं आणि मग पकड येते, वर रस्त्यावरची रेती रबरात अडकून रिम घासत बसते ते वेगळंच. रेग्युलर रोड रिम कॅलिपरमध्ये २८ मिमीचा टायर बसवला की मडगार्डला जागाच उरत नाही. रिम ब्रेकच हवे असतील तर ४७ ते ५७ मिमी रीचचे लांब हातवाले कॅलिपर घ्या, पण ते बिल्डरला आधी सांगा. डिस्क फोर्क खड्ड्यात जरा कडक लागतो हे मान्य, पण ३२ च्या टायरने ते बरंचसं भरून निघतं.

ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, शिमानो १०५, १२ स्पीड, साधा केबलवाला, ब्रेक हायड्रॉलिक. हा १२ स्पीडवाला १०५ फक्त डिस्कमध्येच येतो, त्यामुळे रिम ब्रेकवाल्यांना जुना ११ स्पीड शोधावा लागतो (तो सिल्व्हरमध्ये पण यायचा, स्टीलच्या फ्रेमवर काय दिसतो राव!). डीआय२, म्हणजे शिमानोचे बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक गिअर, मुद्दाम घेतला नाही. शिफ्टिंग लोण्यासारखं आहे, वादच नाही, पण त्यात लीव्हर वायरलेस असले तरी दोन्ही डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे) वायरी फ्रेममधल्या बॅटरीला जातात, म्हणजे फ्रेमला अजून भोकं. मला डाउनट्यूबखालून उघडी जाणारी केबल हवी होती, बदलायला दहा मिनिटं लागतात आणि कुठलाही मेकॅनिक बदलतो.

गिअरच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका, ५२-३६ गळ्यात मारतात. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दातांची चक्रं घ्या. सगळ्यात हलक्या गिअरला ३४ ला ३४, म्हणजे पॅडलचा एक फेरा तर चाकाचा एक फेरा, साधारण सव्वादोन मीटरच्या आत. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना शेवटच्या वळणांना हाच गिअर कामाला येतो, बाकी शरीरयष्टी ज्याची त्याची.

बॉटम ब्रॅकेटला (पॅडलचा आस फिरतो ती जागा) डोळे झाकून आट्यांचा, बीएसए मापाचा. प्रेसफिट, म्हणजे नुसतं दाबून बसवलेल्या, फ्रेममध्ये माप थोडं जरी हललं की कुरकुर चालू होते आणि ती कुठून येते ते शोधण्यात रविवार जातो. यात उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, नवीन पोराच्या हातात पाना देण्याआधी सांगा. फ्रेम मी कच्ची आणून अंबडला पावडर कोटिंग करून घेतली. काम सुंदर, रंग एकसारखा, पण त्यांना पॅनल बॉक्स आणि रेलिंगची सवय, बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांत पावडर गेली आणि भट्टीतून निघाल्यावर ती दगड झालेली. आमच्या मेकॅनिकने आट्या पाडायचा टॅप तेलात बुडवून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत हिरवा भुगा बाहेर काढला, बघताना माझाच जीव खालीवर. बाटलीच्या बोल्टच्या आट्या आणि कॅलिपर बसतो ती सपाट जागा पण झाकून पाठवा, तिथे रंगाचा थर राहिला की कॅलिपर तिरका बसतो आणि पॅड घासतात.

पैसे टाकायचे तर चाकांवर टाका. ग्रुपसेट एक पायरी खालचा चालेल. ३२ आऱ्यांची, तीन क्रॉस (प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना ओलांडतो), पितळी निपलची हाताने विणलेली चाकं, एक आरा तुटला तरी ब्रेक डिस्कवर असल्यामुळे घरी येता येतं आणि आऊट काढायला रविवार कारंज्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री चालतो. फॅक्टरीच्या वीस चपट्या आऱ्यांच्या चाकाला तो हातच लावत नाही. चाकाच्या मधल्या हबमध्ये कार्ट्रिज बेअरिंग घ्या, सीलवर नंबर असतो, तो नंबर सांगितला की बेअरिंगच्या दुकानात मिळतं. टायर ट्यूबलेस, कारण बाभळीचे काटे. फक्त आपल्या एप्रिल-मेमध्ये आतलं भोक बुजवणारं सीलंट लवकर सुकतं, अधूनमधून टाकत राहावं लागतं.

सीटबद्दल काय बोलणार, ज्याचं त्याचं बूड. ब्रूक्सचं चामड्याचं बी१७ दिसायला एक नंबर, पण पावसात त्याला पिशवी घाला, उन्हात मेण लावा, एवढं लाड मी पोरांचे करत नाही. त्यांचंच रबराचं कॅम्बियम घेतलं.

सीटपोस्ट २७.२ चा अॅल्युमिनियमचा. ग्रीस लावल्याशिवाय घालूच नका आणि वर्षातून एकदा तरी बाहेर काढा, स्टीलमध्ये अॅल्युमिनियम धरून बसलं की फ्रेम कापायची वेळ येते. आतून गंजू नये म्हणून उकळलेलं जवसाचं तेल ट्यूबमध्ये ओतून फ्रेम चारी बाजूंनी फिरवली, सुकल्यावर आत पातळ थर बसतो. जुने बिल्डर हेच करायचे. बॉटम ब्रॅकेटखाली पाणी निघायला एक भोक मात्र मागून घ्या.

आणि ३०० किंवा ४०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचा विचार असेल, म्हणजे रात्र रस्त्यावरच, तर डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्याला वीज देणारा) घेणार का तेही आत्ताच ठरवा. दिव्याची वायर फोर्कमधून न्यायची तर त्याचं भोक रंगाच्या आधी पाडायचं असतं, नंतर ड्रिल घेऊन कोणी फोर्कला हात लावत नाही आणि लावू पण देऊ नका.