एक्झॉस्ट फॅनच्या नावाखाली झालेली फसवणूक

घराच्या दुरुस्तीच्या वेळी स्वयंपाकघर, खिडकी नसलेले न्हाणीघर आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी एक्झॉस्ट फॅन निवडून बसवण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराकडे सोपवले होते. प्रत्येक खोलीला वेगळ्या क्षमतेचा पंखा, बाहेरच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत कडक पाइप आणि टोकाला वारा उलटा येऊ न देणारी झडप, असे त्याच्या कोटेशनमध्ये लिहिलेले होते आणि त्याच दराने त्याने पैसेही घेतले. काम संपल्यावर त्याने पंखे सुरू करून जाळीवर पातळ कागद चिकटवून दाखवला व काम चोख झाल्याचे सांगितले. कागद चिकटतो याचा अर्थ पंखा काही प्रमाणात हवा ओढतो, एवढाच होतो. किती ओढतो आणि ओढलेली हवा जाते कुठे, हे त्यावरून कळत नाही.

काही महिन्यांत न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके पडू लागले आणि फोडणीचा वास थेट न्हाणीघरात येऊ लागला. दुसऱ्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून फॉल्स सीलिंगचा एक तुकडा काढून घेतला, तेव्हा न्हाणीघराचा पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नसल्याचे दिसले. त्याचे तोंड छताच्या पोकळीतच उघडे सोडले होते आणि सगळी वाफ तिथल्या लाकडी पट्ट्यांवर जिरत होती. स्वयंपाकघराचा पाइप बाहेर निघत होता खरा, पण तो कडक नसून चुण्यांचा लवचिक होता, दोन ठिकाणी दबलेला होता आणि १५० मिलिमीटरच्या पंख्याला १०० मिलिमीटरचा पाइप जोडलेला होता. व्यास एवढा कमी झाला की हवेला मिळणारी वाट निम्म्याहूनही लहान होते. झडप तर कोणत्याच पाइपला नव्हती, त्यामुळे एका खोलीतून पोकळीत शिरलेला वास दुसऱ्या खोलीत उतरत होता.

सर्वांत संताप आला तो पंख्यांवरचे शिक्के वाचल्यावर, कारण तिन्ही पंखे एकाच प्रकारचे, साध्या पात्यांचे आणि समान क्षमतेचे निघाले. असा पंखा भिंतीत बसवून थेट बाहेर हवा सोडायला योग्य असतो, पण लांब आणि वळणांच्या पाइपातून हवा ढकलण्याचा दाब त्याला निर्माण करता येत नाही; तिथे सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या चाकाने हवा बाहेरच्या कडेला फेकून दाब तयार करणारा पंखा लागतो, आणि बिलात आकार लावला होता तो त्याचाच. शिवाय कोटेशनमध्ये एका पंख्याच्या क्षमतेपुढे ‘१८०’ एवढाच आकडा होता आणि तोंडी त्याला सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) म्हटले गेले होते. शिक्क्यावर मात्र १८० घनमीटर प्रति तास असे होते, म्हणजे जेमतेम १०६ सीएफएम. एकक गाळून आकडा फुगवण्याची ही युक्ती फार सोपी असल्यामुळे एककाशिवाय लिहिलेली क्षमता कोणीही मान्य करू नये. छापलेला आकडादेखील बहुधा पाइप न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो.

क्षमता पडताळण्याचा हिशेब स्वतः करता येतो. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणावी आणि तासाभरात हवा किती वेळा बदलायची त्या संख्येने पुन्हा गुणावे. न्हाणीघरासाठी सर्वसाधारणपणे ६ ते १० वेळा आणि स्वयंपाकघरासाठी १० ते १५ वेळा धरतात. २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच न्हाणीघराला १० वेळांच्या हिशेबाने ताशी १०० घनमीटर पुरतात, तर ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच स्वयंपाकघराला १५ वेळांच्या हिशेबाने सुमारे ३७८ लागतात. दोन्हीकडे एकच पंखा सुचवणाऱ्याने मोजमाप घेतलेलेच नसते. न्हाणीघरात पाणी उडण्याच्या जागेजवळ किमान आयपीएक्स४ दर्जाचा, म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्यापासून सुरक्षित असा पंखा हवा, आणि स्वयंपाकघरात तेलकट थर धुऊन काढता येईल अशी गाळणी हवी.

दाराखाली फट नसेल तर चांगला पंखाही निरुपयोगी ठरतो, कारण बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते. साधारण १० मिलिमीटर फट ठेवावी. ज्या खोलीत गॅसचा गिझर आहे तिथे ही बाब जिवावर बेतणारी आहे, कारण जोरकस पंखा गिझरच्या धुराड्यातला कार्बन मोनॉक्साइड उलटा खोलीत ओढू शकतो.

आमच्या ठेकेदाराने आधी सगळा दोष हवामानावर ढकलला आणि छायाचित्रे दाखवल्यावर फोन उचलणे बंद केले. नव्या माणसाकडून काम करून घेताना पंख्याचा मॉडेल क्रमांक, एककासह क्षमता, पाइपाचा प्रकार व व्यास आम्ही लेखी घेतले, आणि पाइपाचे बाहेरचे तोंड, उताराची दिशा व झडप डोळ्यांनी पाहिल्यावरच छत बंद करू दिले. शेवटचा हप्ता त्यानंतरच दिला.