३६ की ४२? दोन मापांची घड्याळं दहा महिने मनगटावर

गेल्या ऑगस्टपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत दोन ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी) घड्याळं आलटून पालटून वापरली, एक आठवडा लहान आणि एक आठवडा मोठं. नाशिकचा पाऊस, डिसेंबर-जानेवारीतली थंडी आणि एप्रिल-मेमधला चाळीस अंशांचा उकाडा असे तिन्ही ऋतू त्यात आले. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न मापाचा आहे, आणि ही दोन्ही मापं आज जवळपास प्रत्येक कंपनीकडे मिळतात.

मनगट १६४ मिमी घेराचं, म्हणजे साडेसहा इंचाला किंचित कमी. लहान घड्याळ चावी सोडून ३६.५ मिमी व्यासाचं, लगच्या (पट्टा अडकतो त्या शिंगांच्या) टोकापासून टोकापर्यंत ४३.५ मिमी, काचेसकट १०.४ मिमी जाड, १८ मिमीचा चामडी पट्टा आणि सगळं मिळून ५६ ग्रॅम. मोठं डायव्हर पद्धतीचं, म्हणजे पाणबुड्यांच्या घड्याळासारखं: ४२.५ मिमी व्यास, टोकापासून टोक ४९.५ मिमी, जाडी १३.४ मिमी, २२ मिमीची स्टीलची चेन, वजन १७२ ग्रॅम. मापं व्हर्निअर कॅलिपरने घेतली आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांना व्हर्निअर शोधावा लागणार नाही, बाकीच्यांना स्टीलची पट्टी पुरते.

निकाल आधीच सांगतो. या मनगटाला रोजच्या वापरासाठी लहानच बरं. मात्र जाहिरातीत ठळक छापलेल्या व्यासावरून हे ठरलं नाही. लगची लांबी, जाडी आणि वजन या तिघांनी ते ठरवलं, आणि त्यातही लगची लांबी पहिली.

लग म्हणजे केसची (घड्याळाच्या धातूच्या घराची) ती चार शिंगं, ज्यांच्यामध्ये पिन बसते आणि पिनेला पट्टा अडकतो. वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या वरच्या सपाट भागात मावलं पाहिजे. सपाट भाग मोजायला हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाच्या हाडाच्या जरा मागे, कोपराच्या बाजूला, एक पट्टी आडवी टेकवा. पट्टी जिथपर्यंत कातडीला चिकटून राहते तेवढी तुमची जागा. इथे ती ४८ मिमी भरली. ४३.५चं घड्याळ त्यात आरामात बसतं. ४९.५च्या घड्याळाची टोकं दोन्ही बाजूंना पाऊण मिलिमीटर बाहेर जातात. ऐकायला हे काहीच नाही, पण परिणाम मोठा. शिंगं कातडीवर टेकत नाहीत, त्यांच्याखालून जाड कागद सहज सरकतो, चेन मनगटाला वळसा घालण्याआधी सरळ खाली उतरते आणि दोन्ही बाजूंना पोकळी राहते. पोकळी राहिली की घड्याळ डोलतं, आणि डोलणारं १७२ ग्रॅमचं घड्याळ दिवसभर मनगटाच्या बाहेरच्या बाजूला घसरत राहतं.

एकाच मनगटाच्या घेराची दोन माणसंही इथे वेगळी निघतात. एकाचं मनगट चपटं असतं, दुसऱ्याचं गोल. १६५ घेराच्या चपट्या मनगटावर ४८ लगचं घड्याळ शोभून दिसेल, तेवढ्याच घेराच्या गोल मनगटावर तेच बाहेर लोंबेल. म्हणून नुसता घेर सांगून कुणाचा सल्ला घेऊ नका.

ऑनलाइन मागवणार असाल तर पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची पट्टी लगच्या लांबीइतकी कापून मनगटावर ठेवून बघा. दुकानात बघत असाल तर मोबाइलने काढलेल्या फोटोवर जाऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगून दिसते, ३८चं घड्याळही परातीसारखं वाटतं. हातभर लांब उभं राहून आरशात बघा, लोकांना तसंच दिसणार आहे. आणखी एक: चेनच्या काही घड्याळांत केसला लागून असलेली पहिली कडी हलत नाही, सरळ बाहेर येते. अशा वेळी लगची छापील लांबी फसवी असते. त्या न हलणाऱ्या कडीसकट मोजायचं.

आता जाडी. १३.४ आणि १०.४, फरक तीनच मिलिमीटरचा, पण दिवसभरात सर्वांत जास्त जाणवतो तो हाच. शर्टाचा कफ लहान घड्याळावरून आपोआप सरकतो. मोठ्यावर तो बेझलच्या (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या) दातांत अडकतो, आणि चार-पाच महिन्यांत डाव्या कफाच्या आतल्या कडेचे धागे निघायला लागले. उपाय सोपा आहे: शर्ट शिवून घेताना डावा कफ अर्धा इंच सैल ठेवायला सांगायचं, तयार शर्ट असेल तर त्या कफाचं बटण थोडं पुढे घ्यायचं. दरवाज्याची चौकट, लिफ्टचं दार, दुचाकीचा हँडल लॉक करताना लागणारी धातूची कड, सगळीकडे आपटतं ते जाड घड्याळच. दहा महिन्यांत मोठ्याच्या बेझलवर तीन ठसठशीत खुणा आल्या, लहानाच्या केसवर फक्त बारीक ओरखडे.

जाडी कुठून येते तेही कळलं पाहिजे, नाहीतर लहान व्यासाचं म्हणून घेतलेलं घड्याळ डबीसारखं निघतं. स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळांत सर्रास दिसणारं जपानी एनएच३५ मशीनच ५.३ मिमी उंच आहे. मियोटा ९०१५ हे ३.९ मिमीचं, स्विस ईटीए २८९२ तर ३.६चं. मशीनच्या वर डायल, काटे, काच आणि खाली झाकण आलं की ५.३च्या मशीनचं घड्याळ ११ मिमीच्या खाली आणणं अवघड जातं. म्हणून लहान आणि पातळ दोन्ही हवं असेल तर मशीनचं नाव विचारा, नाहीतर सरळ सेलवरचं घ्या. सेलवरचं घड्याळ किती पातळ होऊ शकतं ते आपल्याकडेही दिसलं होतं: २००२ सालच्या टायटन एजची केस ३.५ मिमीची आणि आतलं मशीन १.१५ मिमीचं.

चावीबद्दल थोडं. मोठ्या घड्याळाची स्क्रूची चावी तीनच्या जागी आहे आणि साधारण ४ मिमी बाहेर येते. हात मागे वाकवून जमिनीवर टेकला, किंवा दुचाकीच्या मुठीवर मनगट मोडून धरलं, की ती पंजाच्या मागच्या बाजूला रुतते. नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत क्लच दाबून दहा मिनिटं सरकल्यावर घड्याळ वर करून पाहिलं तर कातडीवर चावीच्या दातांसकट लाल गोल ठसा दिसतो, अर्ध्या तासाने जातो. मोठंच घ्यायचं असेल तर चारच्या जागी चावी असलेलं बघा, ती टोचत नाही.

मोठं घड्याळ वाचायला सोपं, असं सगळेच म्हणतात. व्हर्निअर लावल्यावर इथे खरी गंमत कळली. मोठ्याची डायल बेझलच्या आत २९ मिमी आहे. लहानाला बेझल जवळजवळ नाहीच, म्हणून त्याची डायल ३१ मिमीची. म्हणजे ४२.५च्या घड्याळात वेळ दाखवणारी जागा ३६.५च्या घड्याळापेक्षा कमी, बाकीचं सगळं लोखंड. तरीही अंधारात आणि धावपळीत मोठंच लवकर वाचता येतं, कारण त्याचे काटे जाड आहेत, काळ्यावर पांढरे आहेत आणि त्यावर रेडियम भरपूर आहे. (बोलताना आपण रेडियम म्हणतो, पण आता त्यात स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट असतं, किरणोत्सर्गाची भीती नाही.) लहानाचे काटे चंदेरी, डायल चंदेरी, संध्याकाळी सहा-साडेसहाला, दिवे लागायच्या आत, काटे डायलमध्ये विरघळून जातात. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्यावाचून वेळ दिसावी म्हणून मोठं माप घेण्याआधी काट्यांची जाडी आणि रंगातला फरक बघावा. तारखेची खिडकी तर दोन्हींत सारखीच बारीक.

डोळ्याला माप कसं फसवतं त्याचंही थोडं गणित आहे. पांढरी डायल आणि बारीक कड असेल तर घड्याळ मोठं दिसतं, काळी डायल आणि जाड बेझल असेल तर लहान. चौकोनी घड्याळ गोलापेक्षा मोठंच भासतं, कारण कोपऱ्यांमुळे त्याच व्यासात क्षेत्र जास्त भरतं. चौकोनी घेताना गोलाच्या मापातून चार-पाच मिमी वजा करून विचार करा.

पट्टा-चेन हा भाग नीट वाचा, कारण मोठं घड्याळ न मानवण्याची निम्मी कारणं चेन चुकीची बसवण्यात असतात. कड्या काढताना दोन्ही बाजूंनी सारख्या काढतात, तिथेच चुकतं. लॉक मनगटाच्या खाली मधोमध यायला पाहिजे. तो बहुतेकदा सहाच्या बाजूला एखादी कडी कमी ठेवल्यावर येतो. कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो, पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि बसवताना उलट्या दिशेने. काढताना बाणाच्या विरुद्ध ठोकलं तर पिनेची फट वाकते आणि ती पुढे आपोआप सरकून बाहेर येते. घट्टपणा सकाळी ठरवू नका. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये दुपारी मनगट सुजल्यासारखं होतं, आणि सकाळी बरोबर बसलेली चेन तीन वाजता रुतते. जानेवारीत त्याच लॉकला ती सैल होते. लॉकच्या कडेला बारीक छिद्रं असतात, उन्हाळ्यात एक छिद्र सैल आणि थंडीत एक घट्ट, एवढ्याने काम होतं. करंगळी चेनखाली जेमतेम जाईल इतकं अंतर ठेवा. लहान घड्याळाला एवढं सांभाळावं लागत नाही. वजनच नसल्यामुळे पट्टा एक भोक सैल ठेवला तरी ते जागेवर राहतं.

चामडी पट्टा जुलै-ऑगस्ट-सप्टेंबरात वापरू नका. भिजून वाळला की आतून कडक होतो, वास येतो आणि कपाटात ठेवला तर बुरशी धरतो. पावसाळ्यात लहान घड्याळावर १८ मिमीचा नायलॉनचा पट्टा चढवला. पण केसच्या खालून जाणारे नायलॉनचे पट्टे घड्याळ उंच करतात: एका पदराने सव्वा मिलिमीटरच्या आसपास, दोन पदरांनी अडीच. पातळ घड्याळाचा सगळा फायदा त्यात जातो, म्हणून दोन तुकड्यांचाच पट्टा घ्यावा. रुंदी १८, २० किंवा २२ असेल तर नाशिकच्या मेन रोडच्या दुकानांत पट्टे सहज मिळतात. १९ आणि २१साठी वणवण करावी लागते. काही डायव्हर घड्याळांत पिन २.५ मिमी जाडीची असते आणि ती साध्या पट्ट्याच्या नळीत शिरत नाही, तेव्हा पट्टा घ्यायला जाताना घड्याळ सोबत न्या. पिन काढण्याआधी शिंगांच्या आतल्या बाजूला सेलोटेप लावली तर ओरखडे पडत नाहीत.

काही ठिकाणी माप हा प्रश्नच नाही. लेथ किंवा ड्रिलवर उभं राहायचं असेल तर लहान-मोठं कुठलंच घड्याळ हातात नको. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला मांडवाच्या तारांत चावी आणि लग दोन्ही अडकतात, शिवाय फवारणीच्या बोर्डो मिश्रणाचे निळसर डाग चेनच्या कड्यांत जाऊन बसतात. तिथे २१ ग्रॅमचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू किंवा तसलं रबरी पट्ट्याचं डिजिटल पुरे. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी चढताना मात्र मोठं घड्याळ उपयोगी पडलं: बेझल फिरवून चढायला लागलेला वेळ मोजता येतो, पाऊस-घाम याची चिंता नाही.

लहान घड्याळ बायकी दिसतं, हा आक्षेप दुकानात हमखास ऐकू येतो. एचएमटीचं जनता साधारण ३५ मिमीचं होतं, आणि एका पिढीतले शिक्षक, कारकून, कामगार तेच रोज सकाळी चावी देऊन वापरत. मोठ्या मापाची लाट २०००नंतरची. रोलेक्सने आपला एक्सप्लोरर ३६ मिमीवरून २०१०मध्ये ३९ केला आणि २०२१मध्ये परत ३६वर आणला. टिसॉटने ४० मिमीच्या पीआरएक्सनंतर ३५चा आणला. आज ३६ मिमीचं घड्याळ घरात नवरा-बायको दोघांनाही चालतं. (जुनं एचएमटी ऑनलाइन घेणार असाल तर भडक रंगाच्या, चकचकीत डायलपासून सावध राहा. बहुतेक त्या नंतर रंगवलेल्या असतात.)

मोठं कुणी घ्यावं? मनगट पावणेसात-सात इंचाच्या पुढे आणि वरून चपटं असेल, किंवा रात्रपाळीत अंधारात वेळ बघावी लागत असेल, तर ४०-४२ खुशाल घ्या. वजन सोसत नसेल तर टायटॅनियम बघा. स्टीलची घनता ८च्या आसपास, टायटॅनियमची साडेचार, म्हणून त्याच मापाची केस आणि चेन जवळजवळ निम्म्या वजनात येतात. सव्वासहा इंचाच्या आत मनगट असेल तर लग ४५च्या पुढे जाऊ देऊ नका, व्यास काहीही असो.

दुकानात शेवटची परीक्षा म्हणजे घड्याळ बांधून हात खाली सोडा, दहा-बारा वेळा चालताना हलवतो तसा हलवा आणि मग न सावरता बघा. बाराचा आकडा होता तिथेच असेल तर माप बरोबर. घड्याळ हाडावर येऊन बसलं असेल तर दुकानदाराला दोन मिमी कमी लगचं दाखवायला सांगा.