सिव्हिलचं सुरक्षा क्लिनिक - माझा आणि मिस्टरांचा अनुभव

गावाचं नाव टाकत नाहीये, छोटं गाव आहे, लगेच कळेल कोण ते. पण सुरक्षा क्लिनिक (अंगावरून जाणं, गुप्तरोग असले त्रास बघणारं सरकारी क्लिनिक) जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये असतंच, त्यामुळे कुठल्याही जिल्ह्यातल्या बाईला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. माझ्याकडून 5 पैकी साडेचार.

मला दोन वर्षं अंगावरून पांढरं जात होतं. आधी थोडं, मग पिवळसर आणि वास येणारं, आणि शेवटी शेवटी ओटीपोटात दुखायला लागलं, चालताना दुखायचं, संबंधाच्या वेळी तर आत कळ यायची. आई म्हणाली उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी पी, सब्जा खा. सगळं केलं. मेडिकलमधून धुवायचं लिक्विड आणलं. मग तालुक्याला एका प्रायव्हेट डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तीन वेळा आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, पंधरा-वीस दिवस बरं वाटायचं की परत सुरू. तीन वेळात एकदाही आतून तपासलं नाही आणि नवऱ्याला काही त्रास आहे का हे तर विचारलंच नाही. याचा मला अजून राग येतो कारण तो एक प्रश्न विचारला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

शेवटी आमच्या आशाताईंनी सांगितलं की सिव्हिलला जा, तिथे सुरक्षा क्लिनिक म्हणून आहे, हेच बघतात. मी म्हणलं गुप्तरोगाचं का? त्या म्हणाल्या हो, मग काय झालं? पण मला आठ दिवस धीर झाला नाही. गुप्तरोग म्हणलं की डोळ्यासमोर एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या त्या जाहिराती येतात, आणि आपण तसल्या बाया थोड्याच आहोत असं वाटतं. आता लिहिताना वाईट वाटतं की मी असा विचार केला, कारण तिथे बाकावर माझ्यासारख्याच बाया होत्या, मुलांचे डबे करून आलेल्या.

बायकांचं क्लिनिक गायनॅक ओपीडीच्या आतच आहे हे फार बरं केलंय. बाहेर बसलेल्यांना कळत नाही तुम्ही कशासाठी आलाय. आधी काउन्सेलर मॅडमच्या खोलीत नेतात. दार लावलं, पडदा ओढला, आणि जेव्हा संबंधांबद्दल विचारायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जेवढं औषधासाठी लागतं तेवढंच विचारते, सावकाश सांगा. मी इतक्या वर्षांत हे कुणाशीच बोलले नव्हते, तिथे वीस मिनिटं बोलले आणि रडले पण.

मग डॉक्टर मॅडमनी आतून तपासलं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती होती. सिस्टरनी ते स्टीलचं यंत्र आधी कोमट पाण्याखाली धरलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ताई पाय सैल सोडा, तोंडाने श्वास घ्या. दोन मिनिटांत झालं. पिशवीचं तोंड लाल होतं आणि त्यातून पू येत होता. नंतर मॅडमनी बोटांनी पिशवीचं तोंड थोडं हलवलं तर मी ओरडलेच. त्या म्हणाल्या, हीच खूण आहे, इन्फेक्शन वर नळ्यांपर्यंत गेलंय, याला पीआयडी म्हणतात. केसपेपरच्या मागे पिशवी काढून दाखवली, दोन्ही बाजूंना शेळीच्या शिंगांसारख्या नळ्या. बऱ्याचदा याच्यामागे गोनोरिया असतो, म्हणजे जुनी माणसं ज्याला परमा म्हणतात तो, नाहीतर क्लॅमायडिया, तोही संबंधातूनच लागतो, आणि बायकांना दोन्हींत कित्येकदा काहीच जाणवत नाही. तोपर्यंत नळ्या आतून चिकटतात, मग दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि बाईच्या जिवावर बेततं. आम्ही दोन वर्षं दुसऱ्या बाळासाठी प्रयत्न करतोय. ते ऐकून मी गप्पच झाले.

टेस्ट काय काय झाल्या ते सांगते. आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट, कारण त्यातलं एक औषध (डॉक्सीसायक्लिन) पोटुशा बाईला चालत नाही. मग व्हीडीआरएल, हे गरमी म्हणजे सिफिलीससाठीचं रक्त. आणि एचआयव्हीसाठी शेजारच्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीची माहिती आणि तपासणी करणारं सरकारी केंद्र) पाठवलं, तिथे आधी समजावून सांगतात, सही घेतात, तुमची मर्जी नसेल तर करत नाहीत, कायदाच आहे तसा. क्लॅमायडियाची टेस्ट मात्र तिथे होत नाही. लक्षणं आणि तपासणी बघून त्याच दिवशी औषध देतात. मला आधी वाटलं अंदाजपंचे चाललंय, तसं मी विचारलं पण. मॅडम चिडल्या नाहीत, म्हणाल्या रिपोर्टची वाट बघायला लावलं तर लांबून आलेल्या बाया परत येत नाहीत आणि तोवर नळ्या खराब होतात, म्हणून ज्या जंतूंची शक्यता जास्त त्या सगळ्यांवर एकदमच औषध. मला ते पटलं.

औषधं रंगीत पाकिटात असतात, प्रत्येक त्रासाचा रंग वेगळा. मला पिवळं मिळालं, 14 दिवसांचं, सकाळ-संध्याकाळ. खरं सांगते, सोपं नाही. मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, डॉक्सीसायक्लिनची गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही नाहीतर छातीत जळतं. तिसऱ्या दिवशी परत दाखवायला बोलावलं, फरक नसता तर ॲडमिट करणार होते. फरक होता. सहाव्या दिवशी दुखायचं थांबलं, तरी पाकीट पूर्ण संपवा हे बजावून सांगितलं होतं.

आता मिस्टरांचं. काउन्सेलर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की नवऱ्याने औषध घेतलं नाही तर हे परत होणार, गोळ्या आत ठेवून दर वेळी परत व्हायचं ते बहुतेक याचमुळे. त्यांनाही तपासणीला बोलावणारं एक कार्ड दिलं. हे चाकणला कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. कार्ड दाखवलं त्या रात्री आमचं खूप भांडण झालं. मग त्यांनीच सांगितलं की वर्षापूर्वी लघवीला आग होत होती, मेडिकलवाल्याकडून गोळ्या घेतल्या, थांबलं म्हणून बोललो नाही. अजूनही काही बोललो आम्ही पण ते आमच्या दोघांचं आहे. मॅडमचं एक वाक्य मात्र तेव्हा कामी आलं, हे इन्फेक्शन महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतं, कुणाकडून कुणाला आणि कधी ते तपासणीत कळत नाही, आधी दोघं बरे व्हा. सोमवारी रजा टाकून ते आले. त्यांची पण तपासणी आणि रक्त झालं, राखाडी पाकीट मिळालं, त्यांचं तर एकाच डोसचं, तिथेच समोर घ्यायला लावलं. दोघांचं औषध पूर्ण होऊन वर सात दिवस जाईपर्यंत संबंध नाही, नंतरही कंडोम वापरा असं सांगितलं.

अर्धा स्टार कशाला कापला तर पुरुषांचं क्लिनिक दुसऱ्या बिल्डिंगमध्ये स्किन ओपीडीला आहे आणि एकही बाण किंवा पाटी नाही. यांना तीन ठिकाणी मोठ्याने विचारावं लागलं, तिसऱ्या वेळी परत निघाले होते, मी फोनवर थांबवलं. घाबरत आलेला माणूस अशाने दारातून परत जातो हो. कंडोमचा डबा पण दोन्ही वेळा रिकामा.

पैसे शून्य. आरोग्य खात्याच्या हॉस्पिटलात 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचे पण लागत नाहीत. रविवारी ओपीडी बंद असते, सकाळी लवकर जा. जायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर 1097 हा सरकारी एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, आपलं नाव सांगावं लागत नाही.

आमचे दोघांचे एचआयव्ही आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह आले, तीन महिन्यांनी परत करायला सांगितलं होतं, कारण नुकतीच लागण असेल तर पहिल्या टेस्टमध्ये दिसत नाही. तेही करून आलो, निगेटिव्ह.

मागच्या महिन्यात शेजारची एक बाई म्हणाली तुझ्या त्या पिवळ्या पाकिटातल्या गोळ्यांची नावं लिहून दे, मलाही पांढरं जातंय. मी नाही दिली, तिला घेऊनच गेले. तिला खाज होती पण पोटात दुखत नव्हतं, मॅडमनी आतून तपासलं आणि तिला हिरवं पाकीट दिलं.