पहिल्याच टर्नला समोरच्याचा हात उघडताना: थॉटसीझ, इन्क्विझिशन आणि ड्युरेस वर्षभर वापरल्यानंतर

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातील ‘मॉडर्न’ या स्पर्धाप्रकारासाठीच्या माझ्या काळ्या-लाल डेकसाठी (पत्त्यांच्या गड्डीसाठी) मी गेल्या वर्षभरात तीन प्रकारचे डिस्कार्ड स्पेल टप्प्याटप्प्याने विकत घेतले: चार थॉटसीझ, तीन इन्क्विझिशन ऑफ कोझिलेक आणि दोन ड्युरेस. वरवर पाहता तिघांचे काम एकच आहे. एक काळा माना (पत्ते खेळण्यासाठी मोजायची शक्ती) द्यायचा, समोरच्याने हातातील सगळे पत्ते उघडे मांडायचे आणि त्यांतला एक आपण निवडून त्याला टाकायला लावायचा. लँड (माना देणारा पत्ता) मात्र तिघांपैकी कोणालाच काढता येत नाही. फरक आहे तो निवडीवर घातलेल्या अटीत, आणि साठ पत्त्यांच्या डेकमध्ये जागा इतकी मोजकी असते की ती अट नीट समजून न घेता खरेदी केल्यास पैसेही जातात आणि सामनेही.

आम्ही आठ-दहा जण रविवारी दुपारी नागपुरात धरमपेठेतील एका कॅफेच्या माडीवर जमतो. चेहरे तेच, डेकही बहुतेक तेच, त्यामुळे येथे मांडलेली मते त्या टेबलावरच्या अनुभवातून आलेली आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

थॉटसीझ २००७ मध्ये लॉर्विन संचात आले आणि २०१३ मध्ये थेरॉसमध्ये पुन्हा छापले गेले. लँड सोडून कोणताही पत्ता ते काढू शकते, परंतु वापरणाऱ्याला २ लाइफ (शून्यावर आले की हार, असे गुण) मोजावे लागतात. २० लाइफच्या खेळात दोनची काय ती किंमत, असे मलाही सुरुवातीला वाटले होते. प्रत्यक्षात पहिल्या टर्नला ब्लडस्टेन्ड मायर हे लँड फोडून (१ लाइफ) डेकमधून ब्लड क्रिप्ट हे लँड अनटॅप्ड, म्हणजे लगेच वापरता येईल असे, आणले (२ लाइफ) आणि लगेच थॉटसीझ खेळले (२ लाइफ), की समोरच्याने हातही न हलवता आपण १५ वर आलेलो असतो. आमच्याकडे अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी बर्न, म्हणजे थेट लाइफ कमी करणाऱ्या स्वस्त पत्त्यांचा डेक, खेळतो. मी हा उद्योग केला की तो मान खाली घालून म्हणतो, “दादा, एक बोल्ट तर तुम्हीच मारून घेतला.” त्याचे म्हणणे हिशेबाने खरे आहे, कारण ३ लाइफ घेणारा लाइटनिंग बोल्ट काढण्यासाठी मी २ लाइफ देतो, म्हणजे एक अख्खा पत्ता खर्चून वाचवलेले असते फक्त १ लाइफ. त्यामुळे बर्नविरुद्ध मी मायरने साधे स्वॅम्प आणतो आणि दुसऱ्या गेमपासून थॉटसीझच्या चारही प्रती साइडबोर्डात (गेमांच्या मध्ये बदलण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पत्त्यांत) ठेवतो.

इन्क्विझिशन हे २०१० च्या राइज ऑफ द एल्ड्राझी संचातले. त्यात लाइफ जात नाही, मात्र माना व्हॅल्यू ३ किंवा त्याहून कमी असलेलाच पत्ता काढता येतो. बर्नसारख्या स्वस्त पत्त्यांच्या डेकसमोर हे थॉटसीझपेक्षा निर्विवाद सरस ठरते, कारण तेथे गॉब्लिन गाइडपासून लाव्हा स्पाइकपर्यंत जवळपास सगळेच त्याच्या टप्प्यात येते आणि आपले लाइफ शाबूत राहते. खोच आहे ती ‘माना व्हॅल्यू’ या शब्दांत. हा आकडा पत्त्यावर छापलेल्या खर्चावरून ठरतो, प्रत्यक्षात किती माना मोजला त्यावरून नाही. लेलाइन बाइंडिंग अनेकदा एकाच मानात खेळले जाते, तरी त्याची व्हॅल्यू ६ आहे; म्युर्कटाइड रीजंट डेल्व्हमुळे (आपले वापरून झालेले पत्ते एक्झाइल करून, म्हणजे खेळाबाहेर काढून, खर्च कमी करता येत असल्याने) स्वस्तात उतरतो, पण त्याची व्हॅल्यू ७; सॉलिट्यूड एक पांढरा पत्ता एक्झाइल करून फुकट खेळता येते, तरी तिची व्हॅल्यू ५. अशा पत्त्यांसमोर इन्क्विझिशन नुसते बघत राहते. २०२१ च्या मॉडर्न होरायझन्स २ या संचानंतर असे ‘कागदावर महाग, हातात स्वस्त’ पत्ते वाढले. म्हणून आज कोणी नव्याने खरेदी करणार असेल तर आधी थॉटसीझ पूर्ण करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतामागे एक डाव आहे. आमच्यातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, ट्रॉन खेळतात, म्हणजे तीन वेगवेगळ्या अर्झा लँडवर उभा असलेला डेक. एका रविवारी मी पहिल्या टर्नला इन्क्विझिशन खेळलो आणि त्यांनी शांतपणे सात पत्ते मांडले: अर्झाज माइन, अर्झाज टॉवर, एक फॉरेस्ट, क्रोमॅटिक स्टार, एक्सपिडिशन मॅप, सिल्व्हन स्क्रायिंग आणि कार्न लिबरेटेड. तीन अर्झा लँड जमले की तिसऱ्याच टर्नला सात माना तयार होतो आणि कार्नची किंमत नेमकी सात. दोन लँड हातात होतेच. तिसरे शोधून आणणारे पत्तेही दोन होते, मॅप आणि स्क्रायिंग. मॅप काढला तर स्क्रायिंग उरते, स्क्रायिंग काढले तर मॅप उरतो. त्या हातातून काढण्याजोगा पत्ता एकच होता, तो कार्न, आणि इन्क्विझिशनला त्याला स्पर्शही करता येत नव्हता. मी मॅप काढला. काकांनी दुसऱ्या टर्नला स्टार फोडून हिरवा माना काढला, स्क्रायिंगने पॉवर प्लांट हे तिसरे अर्झा लँड आणले, तिसऱ्या टर्नला कार्न उतरवला आणि त्याच्या ‘+४’ या क्षमतेने माझ्याच हातातला एक पत्ता एक्झाइल करायला लावला. तेथे थॉटसीझ असते तर कार्न गेला असता आणि सात माना नुसता पडून राहिला असता, निदान ते नवा मोठा पत्ता ओढेपर्यंत.

तो डाव हरलो तरी हात पाहिल्याचा उपयोग झालाच. तिसऱ्या टर्नला कार्न येणार हे ठाऊक असल्याने मी दुसऱ्या टर्नला सगळे क्रीचर (हल्ला करणारे पत्ते) न उतरवता जपून खेळलो आणि सामना चांगला लांबला. डिस्कार्डचे अर्धे मोल या पाहण्यातच असते. माझ्यासारखे विसरभोळे असाल, तर पाहिलेले पत्ते सरळ कागदावर लिहून घ्यावेत. स्पर्धेतही सामन्याच्या दरम्यान टिपणे काढायला परवानगी असते.

ड्युरेसबद्दल फार लिहावे असे काही नाही. १९९८ च्या अर्झाज सागापासून ते कितीदा तरी छापले गेले, कॉमन असल्याने चहाच्या पैशात मिळते, आणि क्रीचर किंवा लँड नसलेलाच पत्ता काढते. मुख्य डेकमध्ये ते घेऊ नये, कारण समोर क्रीचरांनी भरलेला हात आला तर ते कोरे जाते. साइडबोर्डाच्या १५ पत्त्यांत मात्र दोन प्रती ठेवाव्यात. बर्न, कंट्रोल (समोरच्याचे बेत रोखणारे) आणि कॉम्बो (ठरावीक पत्ते जुळवून जिंकणारे) या तिन्ही प्रकारच्या डेकांविरुद्ध त्या कामास येतात.

संख्येचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. साठ पत्त्यांत चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत किमान एक मिळण्याची शक्यता सुमारे ४० टक्के, सहा असतील तर ५४ टक्के आणि आठ असतील तर ६५ टक्के. आठांचा मोह होतो, मलाही झाला होता आणि दोन महिने मी तसा खेळलो. पण हा पत्ता जितका लवकर तितका मोलाचा. सातव्या-आठव्या टर्नला दोघांचेही हात रिकामे असताना डेकवरून थॉटसीझ ओढले गेले, की समोरचा हसून रिकामे तळहात दाखवतो. शिवाय ही अदलाबदल एकास एक अशी आहे, त्यातून पत्त्यांची बढत मिळत नाही, उलट टेबलावर आधीच उतरलेल्या क्रीचरचे काहीच बिघडत नाही. म्हणून आता मी चार थॉटसीझ आणि दोन इन्क्विझिशन यांवर स्थिरावलो आहे. तिसरे इन्क्विझिशन डब्यात पडून आहे.

ग्रीफ या पत्त्याविषयी एक नवा खेळाडू विचारत होता. एक काळा पत्ता एक्झाइल करून फुकट खेळता येणारे हे डिस्कार्ड अतिशय ताकदवान होते, परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही फॉरमॅटमध्ये त्यावर बंदी आली. कोणी स्वस्तात देत असेल तर ते स्वस्त का आहे, हे समजून घ्यावे.

आता वस्तू म्हणून या पत्त्यांविषयी. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘निअर मिंट’ (जवळपास नवा) म्हणून पाठवलेल्या एका थॉटसीझच्या दोन कडा चक्क पांढऱ्या पडलेल्या निघाल्या. स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिक पाकिटात) ते दिसत नाही म्हणून मी वाद घातला नाही, पण किंमत पूर्ण घेतली गेली. त्यामुळे पैसे देण्याआधी पुढच्या-मागच्या बाजूंचे आणि कोपऱ्यांचे स्पष्ट फोटो मागवावेत.

नागपूरकरांना दुसरी सूचना अशी की डिस्कार्ड स्पेल फॉइलमध्ये, म्हणजे चकचकीत थराच्या आवृत्तीत, घेऊ नयेत. हौस म्हणून मी एक थॉटसीझ फॉइल घेतले होते. पत्त्याचा कागद हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, वरचा चकचकीत थर मात्र तसाच राहतो, त्यामुळे पत्ता वाकतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांची कोरडी झळ आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा ओला कूलर, असा दोन्हींचा मारा त्या पत्त्याने एकाच दिवसात सोसला. कॅफेत डेक टेबलावर ठेवला तेव्हा मध्येच एक फट दिसत होती आणि बर्नवाल्या पोराने बोट न लावता सांगितले, “दादा, इथं तुमचं थॉटसीझ आहे.” पाठीमागून ओळखू येणारा पत्ता म्हणजे मार्क्ड कार्ड, आणि स्पर्धेत त्याबद्दल पंच शिक्षा देऊ शकतो. त्याच आठवड्यात मी साधी प्रत मागवली. फॉइलवाली गेले चार महिने दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये दाबून ठेवली आहे. काल काढून पाहिली, तर डावा कोपरा अजून वरच आहे.