गस्ती नौकेचे आयुर्मान: पोलादी हल की ॲल्युमिनियमचा?

किनारी गस्तीसाठी नौका घेताना वेग, इंजिन आणि किंमत यांवर पुष्कळ चर्चा होते. परंतु नौका किती वर्षे टिकेल हे ज्यावर मुख्यत्वे अवलंबून असते, त्या हलच्या, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या मुख्य कवचाच्या, धातूचा निर्णय बहुधा वेगाच्या आकड्यामागून आपोआप होऊन जातो. तो स्वतंत्रपणे तपासण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या नौदलाचा अनुभव उपयोगी पडतो, कारण तेथे सागरी सीमेच्या गस्तीवर आधी पोलादी आणि नंतर ॲल्युमिनियमच्या नौका राबल्या.

फ्रीमँटल वर्गाच्या १५ पोलादी नौका १९८० पासून सेवेत येऊ लागल्या. मलेशियाबरोबरचा संयुक्त बांधणी प्रकल्प बारगळल्यामुळे त्यांना ठरल्यापेक्षा अधिक काळ काम करावे लागले आणि शेवटच्या नौका २००७ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी २००५ ते २००८ या काळात आर्मिडेल वर्गाच्या १४ ॲल्युमिनियमच्या नौका आल्या. उत्तरेकडील समुद्रात अहोरात्र गस्त घालताना त्यांच्या हलला थकव्याच्या, म्हणजे वारंवार ताण बसून धातू कमकुवत झाल्याच्या, भेगा पडल्या. गंमत अशी की फ्रीमँटलचा वेग ३० नॉट (ताशी सागरी मैल) होता आणि आर्मिडेलचा २५. म्हणजे हलका धातू घेतला की वेग वाढतोच असे नाही.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते, परंतु त्याचे पत्रे जाड वापरावे लागत असल्याने हलच्या वजनात प्रत्यक्ष बचत साधारण निम्म्याची होते. त्यामुळे इंधन वाचते आणि उथळ खाडीत शिरणे सोपे जाते. मात्र लाटांचे तडाखे वर्षानुवर्षे बसत राहिले की वेल्डिंगच्या सांध्यांजवळ हा धातू थकतो, आणि बारीक भेग वेळेवर नजरेस येत नाही. शिवाय तांबेयुक्त रंग किंवा पितळी जोडणी थेट लागली तर खाऱ्या पाण्यात तो झपाट्याने झिजतो. पोलादाला गंज चढतो, पण तो दिसतो. खरवडता येतो, रंगवता येतो आणि खराब पत्रा कापून नवा बसवता येतो. हे काम कोकणातल्या लहानशा बंदरातला वेल्डरही करू शकतो. ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला आरगॉन वायू, कोरडी आडोशाची जागा आणि प्रशिक्षित हात लागतात, आणि पावसाळ्यात या तिन्ही गोष्टी एकत्र मिळणे कठीण असते.

भारतात दोन्ही मार्ग वापरात आहेत. तटरक्षक दलासाठी एल अँड टीने बांधलेल्या ५४ इंटरसेप्टर (पाठलाग करणाऱ्या वेगवान) बोटी ॲल्युमिनियमच्या असून त्यांचा वेग सुमारे ४५ नॉट आहे, तर कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नौदलासाठी बांधलेल्या कार निकोबार वर्गाच्या पोलादी नौका ३५ नॉटपर्यंत जातात.

नौका किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत राहणार असेल, संशयित बोटीमागे अल्पकाळ धावून संध्याकाळी बंदरात परतणार असेल आणि जवळ सुसज्ज गोदी असेल, तर माझे मत ॲल्युमिनियमच्या बाजूने आहे. परंतु अनेक दिवस उधाणलेल्या समुद्रात राहणारी नौका पोलादीच असावी. तिच्यासाठी जादा इंधनाचा खर्च सोसावा. कोणताही धातू निवडला तरी किती उंचीच्या लाटांत, वर्षाला किती तास चालवली जाईल असे धरून हलचे आयुष्य काढले आहे, हे बांधणाऱ्याकडून करारात लिहून घ्यावे. सांध्यांच्या तपासणीचा आणि मध्य-आयुष्यातल्या मोठ्या दुरुस्तीचा खर्चही त्याच मंजुरीत मागावा.